मे महिन्यात अलिबागला जायचंय? आधी तिथी बघा

एप्रिल संपत आला की मला फोन सुरू होतात. माझं माहेर वरसोलीचं, अलिबागच्या अगदी शेजारचं, त्यामुळे ऑफिसमधले, सोसायटीतले, नवऱ्याच्या मित्रांच्या बायका, सगळ्यांचा प्रश्न एकच, मे मध्ये अलिबागला जावं का गं, फार गर्दी असते ना? असते. १ मेला जोडून शनिवार-रविवार आला की बीचकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते हे खरंच आहे. पण म्हणून जाऊच नका असं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. त्या गर्दीची एक ठरलेली चाल आहे, दरवर्षी तीच, आणि ती एकदा कळली की तिच्या मधून वाट काढता येते.

चाल अशी. सगळे शनिवारी सकाळी सहा-सातला घरातून निघतात, नऊच्या सुमारास वडखळला अडकतात, बाराला चेक-इन, मग मासे, मग झोप, आणि पाच वाजले की सगळेच्या सगळे एकदम बीचवर. रविवारी अकराला चेक-आउट झालं की गाडीत सामान टाकून आता समुद्रातला कुलाबा किल्ला बघू म्हणून भर दुपारी परत बीचवर, तिथे चालत जाता येतं ते ओहोटीलाच आणि गेल्यावर कळतं की भरती आहे, मग होडीच्या रांगेत उभं राहायचं नाहीतर लांबूनच फोटो काढायचा आणि चारला परत निघून कार्लेखिंडीत पुन्हा ट्रॅफिकमध्ये. म्हणजे लोक हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे फिरतात आणि समुद्राचं घड्याळ वेगळंच चालू असतं. तुम्ही समुद्राचं धरा, निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

ते कसं धरायचं ते आधी सांगते कारण बाकी सगळं त्यावरच आहे.

घरात भिंतीवर कालनिर्णय असेल ना, त्यात तिथी बघायची. आमच्याकडे कोळी लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊ आणि रात्री साडेनऊच्या आसपास. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या पुढे. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, भरती साधारण सव्वाअकरा ते बारा आणि ओहोटी साडेपाच-सहाला. हा हिशोब अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्याच, पण दोन महिने आधी सुट्टी टाकताना कुठला वीकेंड धरायचा हे ठरवायला तिथी पुरते.

कुठला धरायचा? पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते पंचमी. त्या चार दिवसांत ओहोटी सकाळी पावणेआठ ते दहाच्या मध्ये येते, उधाणाचे दिवस जवळ असल्यामुळे पाणीही लांबपर्यंत हटतं, ऊन अजून डोक्यावर आलेलं नसतं आणि कालची रात्रभर जागलेली मंडळी अजून नाश्त्याला पण उठलेली नसतात. कुलाबा किल्ल्याला चालत जायची खरी वेळ हीच. अष्टमीच्या आसपासचे दिवस भांगाचे, त्यात ओहोटी येते दुपारी बाराला आणि तीही अर्धवट, पाणी पूर्ण हटतच नाही. मेच्या उन्हात बारा वाजता ओल्या वाळूतून पाय ओढत जाणं म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना अजिबात झेपत नाही, त्या दिवशी सरळ घोडागाडी करा किंवा किल्ला पुढच्या वेळेला ठेवा.

चालत जाणार असाल तर ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी बीचवर पोचा. पाणी हटत असतं, त्याच्या मागोमाग तुम्ही चालत जाता, म्हणजे किल्ल्यात फिरायला तास-दीड तास निवांत मिळतो आणि ओहोटीच्या ठोक्याला तुम्ही परत फिरलेले असता. ओहोटी झाल्यावर तासाभराच्या आत तुमचे पाय बीचच्या कोरड्या वाळूवर असलेच पाहिजेत, याच्यात कोणाशी वाद घालू नका, ग्रुपमध्ये एखादा असतोच जो म्हणतो अजून कुठे पाणी आलंय. पहिल्या तासात खरंच काही कळत नाही. दुसऱ्या तासात घोट्याला लागतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र पाणी अक्षरशः धावत येतं, भरतीचं अर्धं पाणी याच दोन तासांत चढतं.

हे मी ऐकून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी तृतीयेला आम्ही घरचे सात जण गेलो होतो, ओहोटी साडेआठची, आणि फोटो, मुलांचं तळ्याशी खेळणं, कोणाला परत एकदा देवळात जायचं असं करत दरवाज्यातून बाहेर पडायला आम्हाला सव्वाअकरा वाजले. येताना जिथे सुकी वाळू होती तिथे माझ्या कमरेला पाणी, भाचा आठ वर्षांचा, त्याच्या छातीला. त्याने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि एक शब्द बोलत नव्हता, फक्त प्रत्येक लाटेला टाचा उचलत होता. किल्ल्याजवळचा भाग खडकाचा, त्यावर शेवाळ, पाण्याखाली पाय कुठे पडतोय दिसत नाही. एक घोडागाडीवाला रिकामा परत चालला होता, त्याने आम्हाला बघितलं आणि न विचारता गाडी वळवली. चाकं निम्म्याच्या वर पाण्यात होती, घोडा मान वर करून चालत होता. मुलांना आणि सासूबाईंना वर घेतलं, आम्ही बाकीचे गाडीच्या मागच्या दांडीला धरून आलो. बीचवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, ताई, तुम्ही इथल्याच ना. त्या दिवसापासून मी घड्याळात गजर लावल्याशिवाय किल्ल्यात पाऊल टाकत नाही, तुम्हीही लावा.

आणि कृपा करून किल्ला घाईत उरकू नका. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये याचं काम सुरू केलं, शेवटचा तो सागरी किल्ला, पुढे संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाला आणि मग सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं, इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळे ज्या माणसाला वचकून होते तो इथे राहिला. आत सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं, गणपतीबरोबर पंचायतन आहे. त्याच्या समोर गोड्या पाण्याचं तळं, चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोडं, मुलांना हे दाखवा, ती थक्क होतात. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. तिथे उभं राहून शेजारचा सर्जेकोट दिसतो. दारावरची नक्षी, हत्ती, मोर, येताना नाही तर जाताना तरी थांबून बघाच, बहुतेक लोक त्याच्याखालून सेल्फी काढत निघून जातात आणि वर मान करून बघतच नाहीत. पाण्याच्या बाटल्या जाताना भरून न्या आणि रिकाम्या झाल्या की परत आणा. दर रविवारी संध्याकाळी तटाच्या फटींमध्ये खोचलेल्या बाटल्या बघून पोटात तुटतं.

तिथी बघायचा दुसरा फायदा संध्याकाळसाठी. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी सहाला भरती असते, म्हणजे ज्या वेळी सगळी गर्दी बीचवर उतरते नेमकी त्याच वेळी वाळू कमी, लोक, घोडे, भेळवाले, वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी सगळं एका पट्टीत कोंबलेलं. अशा दिवशी मुख्य बीचवर संध्याकाळी जाऊच नका, सकाळी सहाला जा. मुलं झोपलेली असतील तर उचलून न्या, पहाटेचा वारा, आलेल्या होड्या, जाळी सोडवणारी माणसं, हे बघायला मिळालं तर पाच वाजताची गर्दी कशाला हवी.

पाण्यात उतरताना जीवरक्षक जिथे उभे आहेत त्याच्या समोरच उतरा, लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरूच नका. आणि गाडी वाळूवर नेऊ नका. दरवर्षी नागाव, किहीम, कुठे ना कुठे कोणाची तरी गाडी रुतते, भरती चढते आणि मग ट्रॅक्टर बोलवायची धावपळ. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक थांबलं की खाली बसतं.

आता पोचायचं कसं. मुंबईकरांनी शक्य असेल तर गाडी घरीच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. गेटवेवरून मांडव्याला बोट, साधारण तासाभरात, आणि बोटीच्या तिकिटातच मांडव्यापासून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, त्यामुळे तिकीट बोटीत फेकून देऊ नका, बसला दाखवावं लागतं. शनिवारची सकाळची पहिली बोट पकडायची असेल तर गेटवेला उजाडताना हजर राहा, आठ वाजता पोचून रांग बघून चिडण्यात अर्थ नाही. शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी काढून दुपारच्या बोटीने आलात तर अजूनच चांगलं. या बोटी मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी बंद होतात त्या साधारण ऑगस्टअखेरपर्यंत, त्यामुळे बंद व्हायच्या आधीचा शेवटचा वीकेंड सगळ्यात जास्त भरतो, तो टाळा. गाडी हवीच असेल, घरात व्हीलचेअरवर कोणी आहे, तान्हं बाळ आहे, तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, २०२० पासून सुरू झाली, गाडीसकट मांडव्याला उतरवते. तिचं गाडीचं बुकिंग मात्र आधीच करा, मे महिन्यातल्या शनिवारच्या जागा काही तुमच्यासाठी थांबून राहत नाहीत.

रस्त्याने येणाऱ्यांनी पहाटे चारला निघावं, पाचला पण नाही. पनवेल, पेण, वडखळ, तिथून अलिबागचा फाटा, धरमतरचा पूल, पोयनाड, पेझारी, तीनविरा, कार्लेखिंड, हा सगळा रस्ता सात वाजायच्या आत मागे टाकला तर दिवस तुमचा. अटल सेतूने वेळ वाचतो हे खरं पण तो तुम्हाला चिर्ल्याला सोडतो, वडखळच्या पुढचा रस्ता तोच आहे आणि कोंडी तिथेच असते. पुणेकरांनी परतताना एक करून बघा, अलिबागहून उलटं वडखळला न जाता दक्षिणेला रेवदंडा, साळाव, रोहा, कोलाड करून ताम्हिणी घाटाने जा, अंतर काही कमी होत नाही पण उभं राहायला लागत नाही, फक्त घाट उजेडात पार करा.

परतीसाठी एकच नियम, रविवारी दुपारी तीन ते रात्री नऊ रस्त्यावर किंवा मांडवा जेट्टीवर असायचं नाही. एकतर सकाळी नाश्ता करून निघा नाहीतर सोमवारची पहिली बोट धरून थेट ऑफिस गाठा. ज्यांना सोमवार ते गुरुवार जमतं त्यांनी तर दुसरा विचारच करू नये, त्या दिवसांत खोली स्वस्त, बीच मोकळा, आणि खानावळीतल्या काकू दोन शब्द बोलायला मोकळ्या असतात.

राहायचं कुठे याबद्दल. बीचच्या अगदी समोरची खोली हवी हा हट्ट सोडा. वरसोली, नागाव, आक्षी इथे वाडीत घरगुती सोय असते, नारळी-पोफळीच्या सावलीत दुपारी अंगणात बसलं तरी घाम येत नाही, आणि अलिबाग रिक्षाने जवळच आहे. बुकिंग करताना मात्र जपा. माझ्या नणंदेने जाहिरातीतले फोटो बघून एक बंगला घेतला, स्विमिंग पूल, हिरवळ सगळं, निम्मे पैसे मोबाईलवरून पाठवले, आणि रात्री नऊला दोन लहान मुलांना घेऊन गावात पोचली तर त्या नावाचा बंगलाच नाही, फोन बंद. फोटो दुसऱ्याच कोणाच्या तरी घराचे होते. म्हणून पैसे पाठवायच्या आधी मालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि गेटच्या बाहेरचा रस्ता दाखवायला लावा, जवळचं देऊळ, शाळा, दुकान कोणतं ते विचारा आणि नकाशावर पडताळा. खरा माणूस हे आनंदाने करतो, खोटा लगेच घाई करायला लागतो, आत्ताच पैसे टाका नाहीतर दुसऱ्याला देतो वगैरे. आणखी दोन गोष्टी विचारून घ्या, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का आणि पाण्याचं काय. मे महिन्यात आमच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. शॉवर चालू ठेवून वाळू धुवत बसू नका, बाहेर नळाखाली पाय आणि चपला धुऊन मग आत जा, ज्यांच्या घरी तुम्ही उतरलाय त्यांनाही त्याच विहिरीवर पाऊस येईपर्यंत दिवस काढायचेत.

दुपारी अकरा ते चार बीचवर काहीही नसतं, नुसतं ऊन. हा वेळ खोलीत एसीत काढण्यापेक्षा दुसरीकडे घाला. मांडव्याच्या वाटेवर सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे, पुण्यातला शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा ज्यांनी घडवला तेच, तिथे त्यांची शिल्पं ठेवली आहेत. मला ती म्हैस बघायला परत परत जावंसं वाटतं, खरी बसलीये असंच वाटतं. गर्दीच्या शनिवारीसुद्धा तिथे शांतता असते. किहीमला सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला, आजही मेच्या शेवटी पाऊस जवळ आला की माडांवर घरट्यांची लगबग दिसते. आक्षीला शिलालेख आहे, मराठीतला सगळ्यात जुना म्हणून ज्याचं नाव घेतात, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो. नागावला बनाना राइडच्या रांगेत तासभर उभे राहणारे लोक त्याच्यापासून काही मिनिटांच्या अंतरावरून जातात, आपल्या भाषेचा दगड, पाच मिनिटं थांबून हात जोडून तरी जावं.

गावात असाल तर कान्होजींच्या समाधीवर जा, १७२९ मध्ये ते गेले, समाधी भर वस्तीत आहे आणि तरी फार थोडे लोक येतात. बीचजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्यामुळे मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये ती इथे आणली. आत सहज सोडत नाहीत, बाहेरूनच मुलांना ही गोष्ट सांगा. मुंबईत कोणी "अलिबाग से आया है क्या" म्हणालं की मला आजही राग येतो, आणि मी त्याला हीच वेधशाळा सांगते.

जेवणाचं थोडक्यात सांगते. दीडला खानावळीत गेलात तर तासभर बाहेर बाकावर बसाल, बाराला जा नाहीतर सकाळीच फोन करून किती माणसं ते सांगून ठेवा. ताजं काय आहे ते विचारा आणि तेच मागवा, पापलेटच हवं असं धरून बसू नका. जिताडा मिळाला तर सोडू नका, खारेपाटातला तो आमच्याकडचा मानाचा मासा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटी भाव वर जातात, त्यावरून काकूंशी घासाघीस करू नका. सकाळच्या फेरीत ताडगोळे दिसले की लगेच घ्या, दहा वाजेपर्यंत संपतात.

येताना पांढरा कांदा आणालच. २०२१ मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून रस्त्यावर कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवतात. खरा कांदा कार्ले, खंडाळे, तळवली या पट्ट्यातला, मध्यम-लहान, थोडा चपटा, चावला तर डोळ्यात पाणी नाही, जिभेवर गोडसर. माळ हातात घेऊन बघा, खऱ्या माळेत कांद्याची स्वतःचीच सुकलेली पात वेणीसारखी गुंफलेली असते. माझी काकू ओट्यावर बसून विणते, डाव्या पायाच्या अंगठ्यात दोरीचं टोक, एक कांदा, एक वळसा, परत कांदा, मध्ये एखादा मऊ लागला की न बघता बाजूला टाकते. गाडीच्या डिकीत सामानाखाली माळ दाबू नका, उन्हात कांदा शिजतो. मागच्या काचेपाशी वर ठेवा आणि घरी गेलात की स्वयंपाकघराच्या बाहेर, वारा लागेल अशा खिळ्याला टांगा, खालच्या टोकाकडून एकेक काढत गेलात तर गणपतीपर्यंत पुरतो.